एमआरआयला घाबरणारा पेशंट आणि त्याला घेऊन येणारे तुम्ही

कोल्हापुरात एमआरआयला एकटं कुणी येत नाही. आजरा-चंदगडकडून पहाटेची एसटी धरून आलेली आजी असो की राजारामपुरीतून रिक्षानं आलेले निवृत्त मास्तर, बरोबर दोघं-तिघं असतातच. मुलगा, सून, भाचा, कधी गाडी घेऊन आलेला शेजारी. मी या शहरात बरीच वर्षं एमआरआय टेक्निशियन म्हणून काम करतोय. पेशंट मशिनमध्ये टिकणार की अर्ध्यातून उठणार, हे पुष्कळदा तो टेबलावर झोपायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, आणि त्यात मोठा हात सोबत आलेल्यांचा असतो. म्हणून हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी लिहितोय. पेशंटनं स्वतः वाचला तर फारच चांगलं.

भीती नेमकी कशाची

"काय होत न्हाई, गप डोळं मिटून पडायचं." हे वाक्य मी रोज ऐकतो. प्रेमानंच म्हटलेलं असतं. पण ज्याला बंद लिफ्टमध्ये घाम फुटतो, जो एसटीत खिडकीशिवाय बसत नाही, त्याला त्यातून एवढंच कळतं की आपलं कुणी ऐकून घेणार नाही. मग तो मान डोलावतो, आणि आत गेल्यावर दुसऱ्या मिनिटाला उठून बसायला बघतो.

पेशंटला कारण विचारलं तर तो म्हणतो, "जागा लई बारीक हाय." थोडं बोलतं केलं की खरं दुखणं बाहेर येतं: "मला बाहेर यायचं झालं आणि तुमी तिथं नसला तर?" सगळी गोम इथं आहे. अडकून पडलो आणि कुणाला कळलंच नाही, ही ती भीती. शिरोळ तालुक्यातल्या एक वहिनी कमरेच्या तपासणीला आल्या होत्या. टेबल आत सरकायला लागलं की त्या रडायला लागायच्या. त्यांच्या जावेनं हळूच सांगितलं, २०१९ च्या महापुरात त्या दोन रात्री माळ्यावर अडकल्या होत्या, खाली पाणी आणि वर पत्रा. ही गोष्ट आधी कळली असती तर मी त्यांना त्या दिवशी वेगळ्या पद्धतीनं आत घेतलं असतं. म्हणून घरातच एकदा शांतपणे विचारा: पूर्वी कधी कोंडून पडला होता का? गर्दीत गुदमरला होता का? रात्री दार बंद करून झोपता येतं का? उत्तर काहीही आलं तरी त्यावर हसू नका.

धीट माणसालाही हे होतं. तालमीत वाढलेला, खासबागच्या मैदानात कुस्ती खेळलेला एक पैलवान माझ्यासमोर मशिनच्या तोंडाशी पांढरा पडला होता. खांदे दोन्ही बाजूंना टेकले आणि त्याचा श्वास अडकला. धैर्याचा यात काही संबंध नाही. आणि पुरुष हे लपवतात, बायकांपेक्षा जास्त लपवतात, हेही ध्यानात ठेवा.

चिठ्ठी हातात आली की

पहिलं काम, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट बघा. सीटी स्कॅन आणि एमआरआय यांत लोकांची फार गल्लत होते. सीटीचं मशिन म्हणजे रुंद कडं असतं, ७० ते ८० सेंटिमीटर व्यासाचं. ते आत फार लांब नसतं, आणि प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांत होतो. सीटीची चिठ्ठी घेऊन आठवडाभर न झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. सीटीत रंगाचं इंजेक्शन दिलं तर अंगभर गरम लाट गेल्यासारखी वाटते, क्षणभर लघवी झाल्याचा भास होतो. ते आधी सांगून ठेवलं की पेशंट दचकत नाही.

एमआरआय असेल तर मशिन कसं असतं ते खरं-खरं सांगा. तो एक बोगदा असतो, साधारण दीड मीटर लांब, दोन्ही बाजूंनी उघडा. जुन्या मशिनचं तोंड ६० सेंटिमीटर म्हणजे जवळपास दोन फूट. नव्या रुंद मशिनचं ७० सेंटिमीटर. हा चार इंचांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण छातीवर आणि नाकासमोर तो फार मोठा असतो. आत दिवा असतो, पंख्याची हवा येते. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. चुंबक आणि रेडिओलहरींवर सगळं काम चालतं.

दुसरं, कुठल्या भागाची तपासणी आहे ते बघा. गुडघा किंवा घोटा असेल तर पेशंटला पायाकडून आत घेतात आणि डोकं बाहेरच राहतं. ही एक गोष्ट कळल्यावर अर्धे लोक मोकळा श्वास सोडतात. कमरेचा मणकाही बऱ्याच ठिकाणी पायाकडून आत घेऊन करता येतो. तेव्हा डोकं बोगद्याच्या तोंडाजवळ येतं. मेंदू, मान, खांदा यांत मात्र डोकं आत जाणारच. ते लपवू नका.

तिसरं, आणि हे डॉक्टरांना सांगायचं आहे. पेशंटला सपाट झोपल्यावर धाप लागते का? दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही का? हृदय, फुप्फुसं किंवा दम्याच्या त्रासामुळं असं होत असेल तर ती भीती नव्हे, तो आजार आहे, आणि त्यावर धीर देऊन भागत नाही. तसंच कमरेच्या कळा. माणूस आत वळवळतोय म्हणून सगळे म्हणतात घाबरलाय, आणि खरं कारण असतं की त्याला पाच मिनिटंही उताणं झोपवत नाही. तपासणीआधी वेदनेची गोळी घ्यायची का, कोणती आणि केव्हा, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. गुडघ्याखाली उशी घेतली की कमरेला बराच आराम पडतो. ती उशी मागून घ्या.

सेंटरला फोन करताना

नुसतं "नंबर कवा लागंल" एवढं विचारून फोन ठेवू नका. सरळ सांगा: "आमच्या आईला बंद जागेत जीव घाबरतो." हे आधी कळलं तर आम्ही मधल्या घाईच्या वेळेऐवजी सकाळची पहिली किंवा दुपारनंतरची निवांत वेळ देऊ शकतो. मग विचारा: मशिनचं तोंड ६० चं की ७० चं? सोबत एका माणसाला आत थांबता येतं का? डोक्यावर बसवतात त्या कॉइलवर, म्हणजे चित्र घेणाऱ्या अँटेनावर, आरसा आहे का? आदल्या दिवशी येऊन मशिन बघता येईल का? किती मिनिटं लागतील? साध्या तपासणीला भागानुसार २० ते ३० मिनिटं धरून चाला. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे रंगाचं, इंजेक्शन असेल तर १० ते १५ मिनिटं वाढतात.

काही लोक 'ओपन एमआरआय'बद्दल विचारतात. जात्याच्या दोन तळ्यांसारखं ते मशिन असतं. एक चुंबक वर, एक खाली, आणि बाजू मोकळ्या. फार घाबरणाऱ्याला आणि फार जाड माणसाला त्यात बरं वाटतं. पण बहुतेक ओपन मशिनची चुंबकशक्ती कमी असते, त्यामुळं वेळ जास्त लागतो आणि चित्र तितकं बारीक येत नाही. तुमच्या आजाराला ते चालेल का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांना न विचारता परस्पर दुसरीकडं जाऊन तपासणी करून घेतली आणि पुन्हा करावी लागली, असं व्हायला नको.

घरातला सराव

हा भाग सगळ्यात कमी लोक करतात आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. तीन-चार दिवस हाताशी असले तरी पुरे.

पहिल्या दिवशी पेशंटला सतरंजीवर उताणं झोपवा, डोळ्यांवर धुतलेला सुती रुमाल ठेवा, आणि दहा मिनिटं हलायचं नाही असं ठरवा. शेजारी बसून तुम्ही घड्याळ बघा. दुसऱ्या दिवशी तसंच, पण पलंगाखाली किंवा जेवणाच्या टेबलाखाली, डोकं आत घालून. वर फळी आहे हे त्याला माहीत हवं, डोळे मात्र मिटलेले. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. "बाहेर" म्हटलं की त्याच क्षणी बाहेर. इथं ओढाताण केली तर सगळं मुसळ केरात. आपण म्हटलं की बाहेर येता येतं, हे शरीराला कळावं म्हणूनच तर हा सराव. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एमआरआयच्या आवाजाचं रेकॉर्डिंग शोधून ते लावा, आधी हळू, मग मोठं.

श्वासाचा सराव याच वेळी घ्यायचा. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं वाटतं, हवा पुरत नाही असं वाटतं. हवा भरपूर असते, श्वासाची लय तेवढी बिघडलेली असते. उपाय सोपा आहे: नाकानं चार आकडे मोजत श्वास आत, आणि ओठांचा चंबू करून सहा आकडे मोजत हळू बाहेर. गरम चहावर फुंकर घालावी तसा. बाहेर सोडणं लांब हवं, भर त्यावरच द्या. पोटाच्या तपासणीत मध्येच १५-२० सेकंद श्वास रोखायला सांगतात, तेही दोन-चारदा करून बघा.

आणि मनाला काम द्या. नुसतं 'देवाचं नाव घ्या' म्हटलं तर भीतीच्या पहिल्या लाटेला नाव विसरतं. ठरलेली, पायाखालची वाट जास्त उपयोगी पडते. शहरातल्या माणसाला मी रंकाळ्याचा फेरा घालायला सांगतो: टॉवरपासून निघायचं, संध्यामठ, मग शालिनी पॅलेस, वाटेत कोण भेटतं, कुठं काय विकायला बसलंय. शेतकऱ्याला उसाच्या सऱ्या. एक आवाज सुरू झाला की एका सरीला पाणी सोडायचं, आवाज थांबला की ती सरी भरली, बारं मोडून पुढच्या सरीला लावायचं. एका आजीनं मला नंतर सांगितलं की तिनं आत पडल्या पडल्या पुरणपोळीचा सगळा घाट घातला, डाळ शिजत घालण्यापासून.

तपासणीच्या दिवशी

लोक हटकून उपाशीपोटी येतात. साध्या एमआरआयला बहुतेक वेळा उपाशी राहावं लागत नाही. पित्ताशय किंवा पोटाची तपासणी असेल, किंवा भूल द्यायची असेल, तर लागतं. फोन करताना हे विचारून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. रिकाम्या पोटी पाच तासांचा प्रवास करून आलेला माणूस निम्मा घाबरलेला भुकेनंच असतो. चहा-कॉफी मात्र एकावर दुसरा कप नको, छाती आणखी धडधडते. आणि आत जायच्या आधी लघवीला जाऊन यायचंच, आत्ता लागली नसली तरी.

दागिने घरीच काढून या. हुपरीच्या पैंजणांपासून गळ्यातल्या साजापर्यंत सगळे. सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही हे खरं, पण धातू रेडिओलहरींनी तापू शकतो आणि चित्रही बिघडवतो. जोडवी वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतात, ती आदल्या रात्री साबणाच्या पाण्यानं निघतात. मशिनच्या दारात घाईनं ओढताना बोट सुजतं आणि बाईचा जीव कासावीस होतो. मंगळसूत्राचंही तसंच. दवाखान्यात, परक्या माणसांसमोर, आजारपणात ते उतरवणं पुष्कळ बायकांना अपशकुनासारखं वाटतं, आणि तो विषाद घेऊनच त्या टेबलावर चढतात. घरी, देवासमोर, सासूच्या किंवा लेकीच्या हातात देऊन निघालं की हा बोचरा क्षण टळतो. साडीच्या पिना, केसांतल्या पिना, कंबरेचा करदोटा, ताईत, कवळी, कानातलं यंत्र, खिशातली तंबाखूची डबी, सगळं बाहेर. जरीची साडीही नको, सेंटरचा गाऊन घाला.

फॉर्मवरचे प्रश्न घाईत "नाही, नाही" करून संपवू नका. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं रोपण, शरीरातली कुठलीही प्लेट किंवा स्क्रू, किडनीचा त्रास, गरोदरपण. आपल्याकडं आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथं फाउंड्रीत किंवा लेथवर काम केलेल्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? गेला असेल तर, तो काढला असं वाटत असलं तरी, सांगा. आधी डोळ्याचा एक्स-रे काढून खात्री करतात. आत राहिलेला कण चुंबकानं हलला तर डोळ्याला इजा होते. भीतीचा आणि याचा संबंध असा की ज्याला आपल्या अंगात काही राहिलंय का अशी शंका असते, तो आत स्वस्थ पडूच शकत नाही.

टेबलावर

इथून पुढं काम आमचं, पण तुम्ही आग्रह धरू शकता अशा काही गोष्टी आहेत.

हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की आमच्या खोलीत घंटा वाजते. तो आत जायच्या आधी दाबून बघायला मागा. पेशंटनं दाबावा, टेक्निशियननं यावं. हे एकदा स्वतः बघितलेला माणूस आत क्वचितच तो दाबतो, कारण तो चालतो हे त्याला माहीत असतं.

मग तालीम: टेबल पूर्ण आत, आणि लगेच बाहेर. स्कॅन नाही, काही नाही. विचारा, "कसं वाटलं?" लागलं तर पुन्हा एकदा. या दोन मिनिटांनी पुढचा अर्धा तास वाचतो.

डोळे टेबल हलायच्या आधी मिटायचे आणि वर रुमाल किंवा पट्टी घ्यायची. आत गेल्यावर डोळे मिटणं अवघड जातं, कारण तोवर नाकापासून वीतभरावर असलेलं छत दिसून गेलेलं असतं. ज्यांना डोळे मिटले की उलट जास्त घाबरायला होतं, आणि असेही बरेच असतात, त्यांच्यासाठी डोक्याच्या कॉइलवरचा आरसा. त्यात बोगद्याच्या पलीकडं उभी असलेली माणसं दिसतात. दोन्ही पद्धती बाहेरच करून बघा आणि एक निवडा.

मेंदूच्या आणि मानेच्या तपासणीत तोंडावरून जी कॉइल बसवतात, तिला कुणी पिंजरा म्हणतं, कुणी हेल्मेट. पेशंटसमोर 'पिंजरा' म्हणू नका. ती चित्र घेणारी अँटेना आहे. तिच्यातून दिसतं, बोलता येतं, आणि ती एका हातानं निघते. निघते हे एकदा काढून दाखवायला सांगा.

कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही घ्या. काही आवाज १०० डेसिबलच्या वर जातात. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते: आत हात जोडून झोपायचं नाही. अंबाबाईचं नाव मनात घ्या, पण दोन्ही तळहात एकमेकांना लागू देऊ नका, पायांची घडी घालू नका. त्वचेला त्वचा भिडून कडं तयार झालं तर तिथं चटका बसू शकतो. फुगा एका हातात, दुसरा हात वेगळा, मध्ये चादर.

आत काय-काय होतं

हे पेशंटला घरीच सांगून ठेवा, याच क्रमानं.

आधीपासून एक संथ चक्-चक् ऐकू येत राहतं. ते चुंबक थंड ठेवणाऱ्या पंपाचं, पेशंट असो-नसो चालूच असतं. मग टेबल थोडं सरकतं, दोन-तीन ठोके पडतात, आणि मोठा आवाज सुरू होतो: ठक-ठक, घर्रर्र, कधी पंपसेट चालू झाल्यासारखा, कधी पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा. बोगद्याच्या भिंतीआडच्या वेटोळ्यांतून वीज झपाट्यानं चालू-बंद होते, चुंबकामुळं ती वेटोळी थरथरतात, आणि तो हा आवाज. काही बिघडलेलं नसतं. एकेक आवाज दोन ते सहा मिनिटं चालतो. अंग किंचित ऊबदार लागतं, कधी पाठीला हलकी फुरफुर जाणवते. एकाच जागी चटका बसल्यासारखं वाटलं तर मात्र फुगा लगेच दाबायचा.

आणि मग शांतता होते. मला सांगायचं आहे ते या शांततेबद्दल. लोकांना वाटतं आवाजानं माणूस घाबरतो. माझ्या पाहण्यात सर्वाधिक लोक दोन आवाजांच्या मधल्या गप्प वेळेत घाबरतात. "संपलं काय? सगळी चहाला गेली काय? मला विसरली काय?" त्या वेळात आम्ही पुढच्या चित्राची मापं लावत असतो. म्हणून टेक्निशियनला आधीच विनंती करा: प्रत्येक आवाजानंतर एक वाक्य बोला. "मावशी, झकास. आता चार मिनिटांचा आहे, हलू नका." एवढं पुरतं.

सोबतच्या एकाला आत थांबायची परवानगी मिळाली तर त्याचीही पूर्ण तपासणी होते: मोबाइल, किल्ल्या, पट्टा, सुटे पैसे, बँकेची कार्डं सगळं बाहेर. चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन नसला तरी. आत उभं राहून पेशंटच्या पावलावर किंवा घोट्यावर हात ठेवा आणि तो तिथंच राहू द्या. थोपटू नका, चोळू नका, त्यानं अंग हलतं. हात अधूनमधून काढून पुन्हा ठेवला तर पेशंट दचकतो. कोण थांबणार हे नात्यानं ठरवू नका. ज्याचा स्वतःचा श्वास संथ आहे त्यानं थांबावं, मग ती धाकटी सून का असेना.

फुगा दाबला तर

दाबला तर दाबला. त्यात कमीपणा काही नाही, आणि तोवर निघालेली चित्रं वाया जात नाहीत. बहुतेक वेळा जे चित्र चालू होतं तेवढंच पुन्हा घ्यावं लागतं. पेशंट हलला असेल तर सुरुवातीची मापंही परत.

बाहेर आल्यावर उठून बसू द्या, पाणी द्या, दोन-तीन मिनिटं गप्प राहा. घाबरण्याची लाट काही मिनिटांत आपोआप ओसरते. ती ओसरायच्या आत "चला, परत एकदा" म्हणायचं नाही, आणि "एवढा खर्च केलाय, थोडं सोसा की" तर मुळीच नाही. ओसरली की विचारा: आत नेमकं कुठं अडलं? गरम होत होतं? मान दुखत होती? कॉइल टोचत होती? घशात आवंढा आला? बऱ्याचदा उत्तर अगदी साधं निघतं आणि त्यावर उपाय करता येतो. पंखा वाढवता येतो, पातळ उशी बदलता येते, पायाकडून घेता येतं का ते बघता येतं. फार महत्त्वाची चित्रं आधी घेऊन बाकीची ठेवता येतील का, हे रेडिओलॉजिस्टना विचारता येतं.

त्या पैलवानाचं मी इथंच सांगतो. त्याला आम्ही त्या दिवशी परत पाठवलं, ७० सेंटिमीटरच्या मशिनवर जायला सांगितलं. तिथं त्याचे खांदे टेकले नाहीत आणि मानेची तपासणी एका बैठकीत झाली.

गोळी, इंजेक्शन, भूल

सगळं करूनही जमत नसेल तर औषध आहे, आणि ते घेण्यात हार नाही. तपासणीआधी घ्यायची मन शांत करणारी गोळी ज्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला त्यांच्याकडून लिहून घ्यावी. शेजारणीची झोपेची गोळी, मेडिकलवाल्यानं ओळखीनं दिलेली गोळी, किंवा 'थोडी घेऊन' आलेला पेशंट, हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत आणि तिन्ही धोक्याचे आहेत. वय जास्त असेल, दमा असेल, रात्री मोठ्यानं घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, दुसरी औषधं चालू असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा औषधांनी श्वास मंदावतो. गोळी घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सह्या-व्यवहार करायचे नाहीत, आणि घरी पोचेपर्यंत सोबत माणूस हवा. गोळी खाऊन मोटरसायकलवर गगनबावड्याकडं निघालेल्याला मी एकदा गेटवर थांबवलं होतं.

शिरेतून भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ लागतात. सर्वसाधारण नियम असा की घट्ट अन्न ६ तास आधी बंद, नितळ पाणी २ तास आधी बंद. तुमच्या पेशंटला जे सांगितलं असेल तेच पाळा. अगदी लहान मुलांना बहुतेक वेळा हाच मार्ग असतो. तान्ह्या बाळांचा एमआरआय दूध पाजून, घट्ट गुंडाळून, झोपेतही काढता येतो. सहा-सात वर्षांपुढची मुलं मात्र खेळ म्हणून सराव करून घेतला तर मोठ्यांपेक्षा शहाण्यासारखी पडून राहतात.

माझ्या कामातल्या मित्रांना दोन शब्द

नोकरीच्या पहिल्या वर्षात एका काकूंना मी सांगितलं होतं, "दोनच मिनिटं राहिली." राहिली होती अकरा. त्या आत आकडे मोजत होत्या. एकशे वीस झाले, दोनशे झाले, आणि त्यांनी फुगा दाबला तो सोडलाच नाही. बाहेर आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाळा, खरं सांगितलं असतंस तर पडले असते." त्यांची तपासणी अपुरी राहिली, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून मी मिनिटं खरी सांगतो, उलट एखादं जास्तच सांगतो. बाहेर दहा पेशंट ताटकळत असले तरी घाबरलेल्याला सुरुवातीची दहा मिनिटं द्या. तो अर्ध्यात उठला तर त्याहून जास्त वेळ जातो, आणि त्याचा आजार तसाच न कळता राहतो.

निघताना

तपासणी झाली की रिपोर्टची वाट बघत बसलेले असताना पेशंटला विचारा, कशानं बरं वाटलं? रिपोर्टच्या मोठ्या पाकिटाच्या आतल्या बाजूला ते पेननं लिहून ठेवा. कमरेचे, मेंदूचे आजार पुष्कळदा पुन्हा एमआरआय मागतात, आणि तोवर कुणालाच काही आठवत नसतं. त्या शिरोळच्या वहिनी दुसऱ्या वेळी आल्या, तेव्हा त्यांच्या पाकिटावर जावेच्या अक्षरात लिहिलेलं होतं: पायाकडून आत. डोळ्यांवर ओला रुमाल. मी पायाशी. २५ मिनिटं लागतात, खरी.